‘हो’ म्हणण्याआधीचे दिवस



मुलींना शिकवण्यात जिचे सारे आयुष्य गेले, अशा एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे. म्हणून विषयही मुलींचाच घेतला आहे. लग्न ठरलेली ख्रिस्ती मुलगी साखरपुड्यापासून वेदीपर्यंतच्या महिन्यांत कसला कसला विचार करते, त्यातले काय ती बोलून दाखवू शकते आणि तिच्या विचारांना घर, चर्च आणि कायदा किती जागा देतात, हे आज पाहायचे आहे.

नवी मुंबईतली अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. राहायला कोपरखैरण्याला, नोकरी महाप्याच्या एका कंपनीत, हिशेबाच्या खात्यात. वय सत्तावीस-अठ्ठावीस. सकाळी रिक्षाच्या रांगेत उभी असते तेव्हा तिच्या डोक्यात हॉलवाल्याला द्यायचे पैसे असतात. केक किती किलोचा सांगायचा? गाऊन शिवायचा की भाड्याने आणायचा? त्यासाठी वांद्र्याचा हिल रोड गाठायचा, की वाशीला सेक्टर १७ मध्ये पांढरी साडीच बघायची? करवल्यांचे कपडे एका रंगाचे हवेत का? पत्रिकेवर आधी आजोबांचे नाव घालायचे की पपांचे?

आणि ही यादी चालू असतानाच मध्ये दुसरे प्रश्न घुसतात. माझा पगार कुणाच्या खात्यात जमा होईल? आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे, त्याचे पैसे मी दिले तर चालेल ना? रविवारी कुठल्या चर्चला जायचे? मूल कधी, आणि ते कुणी ठरवायचे? तो चिडला की कसा वागतो, हे मला अजून दिसलेच नाही.

पहिल्या यादीवर घरात रोज खल होतो. दुसरी यादी बहुतेक वेळा तिच्या मनातच राहते. विवाहाची खरी तयारी त्या दुसऱ्या यादीत आहे, आणि ती मोठ्याने वाचायची सोय आपल्या परंपरेत, कायद्यात आणि चर्चच्या नियमांत आधीपासून आहे. ती सोय आपण वापरत नाही, हे आज आग्रहाने सांगायचे आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, त्याला कारण आहे. हे शहरच लोकांना दुसरीकडून आणून वसवलेले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबातून आलेले कोरिया पुढे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. १९९२ मध्ये महानगरपालिका आली आणि त्याच वर्षी खाडीपुलावरून लोकल वाशीला पोहोचली. मग माणसे येतच राहिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात जेमतेम एक. पण त्या एका टक्क्यात किती गावे! नवी मुंबईतल्या एकाच चर्चमध्ये वसईचे शेतकरी कुटुंब, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडचे मराठी घर, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळनाडूचे कुटुंब शेजारी शेजारी बसते. प्रार्थना एकच, पण लग्नाच्या रीती साऱ्या वेगळ्या. वसईच्या गावात मुलीच्या लग्नाआधी सल्ला द्यायला चार आत्या-मावश्या अंगणात हजर असतात. इथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती, आई-पपा आणि मोबाइल.

आता चर्चमध्ये काय घडते ते जवळून पाहू. मिस्सा संपत आलेली असते. शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचल्या जातात: बुधवारची नोव्हेना, रक्तदान शिबिर, पार्किंगबद्दलची विनंती. त्यानंतर वाचणारा मुलीचे नाव घेतो, आईवडिलांची नावे, धर्मग्रामाचे नाव, मग मुलाचे तसेच सगळे. या दोघांच्या विवाहाला कुणाला काही अडथळा माहीत असेल तर धर्मगुरूंना कळवावे, असे सांगतो. पाचव्या बाकावर मुलगी मान खाली घालून बसलेली. मागून कुणी तरी तिच्या खांद्याला हात लावते. रिवाजाने हे तीन रविवार चालते. याला बरेच जण बॅन्सच म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही विवाहाची अशी जाहीर पुकार होते.

मुलींना वाटते, ही निव्वळ घोषणा. तिचा इतिहास मात्र बायकांच्या संरक्षणाचा आहे. मध्ययुगीन युरोपात चोरून लग्न करून पुढे ते नाकारणारे पुरुष होते, एक बायको गावी ठेवून दुसरीकडे वेदीसमोर उभे राहणारेही होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाची आगाऊ जाहीर सूचना बंधनकारक केली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच विवाह व्हावा असा दंडक घातला. फसवणूक उघडी पडावी, एवढा साधा हेतू त्यामागे होता. पण ही पद्धत ज्या गावासाठी घडली, तिथे सगळे सगळ्यांना ओळखत होते. नवी मुंबईत पाचव्या बाकावरच्या मुलीला सहाव्या बाकावरचे कुटुंब ओळखत नाही. मुलगा तीन वर्षे दुबईला राहून आलेला असेल तर त्याच्याबद्दल सांगणार कोण? म्हणूनच दोघे जिथे जिथे राहिले त्या धर्मग्रामांकडून तो किंवा ती विवाहास मोकळी असल्याचे पत्र मागतात. हे पत्र ‘कागदपत्रांची कटकट’ नव्हे. ते मुलीने स्वतः वाचावे.

याहून महत्त्वाची गोष्ट बंद दाराआड होते. कॅथलिक चर्चमध्ये विवाहाआधी धर्मगुरू दोघांशी वेगवेगळे बोलतात आणि उत्तरे लिहून घेतात. स्वखुशीने लग्न करत आहात का? कुणाचा दबाव आहे का? आयुष्यभराचे नाते मान्य आहे का? मुले हवी आहेत का? काही लपवले आहे का? १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे म्हणणे असे, की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. ती संमती दुसरे कुणीही देऊ शकत नाही, आई नाही, वडील नाहीत, बिशपही नाहीत. भीतीपोटी किंवा जबरदस्तीने दिलेला होकार याच संहितेने निरर्थक ठरवला आहे. त्या पंधरा-वीस मिनिटांत आई शेजारी नसते, होणारा नवरा नसतो. ‘फादर, मला अजून थोडा वेळ हवा आहे’ असे म्हणायचा तिला पूर्ण अधिकार असतो. किती मुलींना हा अधिकार कुणी आधी समजावून सांगितला आहे? बहुतेक जणी ‘फॉर्म भरायला जायचे आहे’ एवढेच ऐकून जातात आणि सगळ्या प्रश्नांना मान डोलावून बाहेर येतात.

स्वतःचा विचार करूनच होकार द्यायचा, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती स्त्रीला कुणी बाहेरून शिकवायला नको. तिच्या आज्या-पणज्यांनी ते करून दाखवले आहे.

कृपाबाई सत्यनाथन घ्या. जन्म १८६२ चा, अहमदनगरचा, हिंदू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घरातला. मद्रासला डॉक्टरकी शिकायला गेल्या, प्रकृतीने साथ दिली नाही. १८८७-८८ मध्ये ‘सगुणा’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी मद्रासच्या एका मासिकातून क्रमशः आली. बरीचशी त्यांच्याच आयुष्यावर बेतलेली. शिकू पाहणारी मुलगी, तिच्या पुस्तकांकडे संशयाने बघणारी माणसे, आणि अखेर बरोबरीच्या नात्यातला जोडीदार. अवघे बत्तीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या नगरच्या लेकीने लग्नाआधीच्या मुलीचे मन त्या काळात कागदावर उतरवले.

लक्ष्मीबाई टिळकांचे तर घराघरात नाव. १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको आपोआप ख्रिस्ती झाली नाही. काही वर्षे ती वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही तिने आपले सोवळे-ओवळे लगेच सोडले नाही. माणसामाणसातला भेद देवाने केलेला नाही, हे तिला स्वतःला पटले, आणि मगच १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा प्रवास आहे. लग्न ठरलेल्या मुलीला आंदणात एक पुस्तक द्यायचे तर हेच द्यावे.

पंडिता रमाबाईंनी १८८० मध्ये, ख्रिस्ती होण्याच्या तीन वर्षे आधी, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जात आणि प्रांत ओलांडून नोंदणी विवाह केला. तो ज्या कायद्याने झाला तो १८७२ चा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही त्याच वर्षीचा, आणि आज नवी मुंबईत चर्चमध्ये होणारे लग्न त्याच कायद्याखाली नोंदले जाते.

रीतिभातींकडे येऊ. लग्नाच्या आदल्या दिवशी गोव्याच्या आणि मंगळूरच्या घरांत रोस असतो. नवरीला पाटावर बसवतात, थोरली माणसे एकेक करून तिच्या डोक्यावर नारळाचे दूध घालतात, तेल लावतात, कुणी रडते, कुणी गाणे म्हणते. मुंबई-ठाण्याच्या मूळ ख्रिस्ती, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या घरांत ‘उंबराचे पाणी’ असते. बायका बँडच्या तालावर विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणीसाठी पाणी आणतात. गोव्यात मामाच्या घरी चुडा भरतात, हिरव्या, पिवळ्या, लाल काचेचा. देशावरच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत मंगळसूत्रात क्रूस ओवतात आणि वेदीपुढे आशीर्वाद घेऊन ते गळ्यात घालतात.

या रीतींसाठी लोकांनी सोसले आहे. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फतवा काढून नवख्रिस्तींच्या लग्नातली ओव्यांची गाणी, हळद आणि असे कितीतरी विधी बंद करायला सांगितले. शिक्षेची भीती असूनही बायकांनी त्यातले बरेच काही घरात जपले. उलट, ‘हाच खरा ख्रिस्ती पोशाख’ म्हणून आपण जो पांढरा गाऊन मानतो, तो १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या लग्नात पांढरा पोशाख घातल्यानंतर सर्वत्र पसरला. बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही. म्हणून ‘गाऊनशिवाय ख्रिस्ती लग्न कसले’ असे कुणी म्हटले तर मुलीने बिचकू नये, आणि ‘हळद आपल्यात नसते’ असे कुणी दरडावले तरीही नाही. तिला यातले काय हवे, हे तिला विचारावे. चुडा मात्र नवरा वारल्यावर त्याच्या शवपेटीवर फोडायचा, अशी जुनी चाल आहे. तो भरताना एखाद्या मुलीच्या मनात काही टोचत असेल तर तिचे तेही ऐकून घ्यावे.

नवी मुंबईत आणखी एक प्रश्न घरोघरी येतो. मुलगी लॅटिन विधीची कॅथलिक, मुलगा केरळच्या सिरो-मलबार विधीचा कॅथलिक. १९८८ मध्ये सिरो-मलबार विधीचा कल्याण धर्मप्रांत झाल्यापासून या मंडळींची स्वतंत्र चर्चे इथे आहेत. किंवा मुलगी कॅथलिक आणि मुलगा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. किंवा मुलगा हिंदू, ऑफिसात भेटलेला. ‘लग्नानंतर तू आमच्या चर्चची’ हे सासरी गृहीतच धरलेले असते. नियम तसा नाही. लग्नामुळे पत्नीचा विधी आपोआप बदलत नाही. ती पतीच्या चर्चमध्ये जाऊ शकते, पण स्वतःच्या इच्छेने. आंतरधर्मीय विवाहात १९७० पर्यंत दुसऱ्या धर्माच्या जोडीदारालाही मुलांबद्दल वचन द्यावे लागे. त्या वर्षी पोप पॉल सहावे यांनी ते बंधन काढले. आता कॅथलिक जोडीदार आपल्या परीने प्रयत्न करण्याचे वचन देतो आणि दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना देतात. मुलाचा बाप्तिस्मा कुठे, हा प्रश्न बारशाच्या आदल्या रात्री भांडणात निघण्यापेक्षा लग्नाआधी, दोघे समोरासमोर बसलेले असताना निघालेला बरा.

आता पैसा आणि कायदा. या भागाला आपल्याकडे सगळ्यात कमी वेळ मिळतो.

ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. म्हणजे फक्त मारहाण होत असेल तर तिला सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आज क्रूरता हे स्वतंत्र कारण आहे आणि परस्परसंमतीचा मार्गही आहे. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह अवैध ठरवला म्हणून कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले. लग्न ठरलेल्या मुलीसमोर घटस्फोटाचे नाव काढणे अशुभ, असे म्हणून हे विषय टाळले जातात. आपले हक्क माहीत असलेली मुलगी संसार मोडत नाही. ती फक्त मार खात गप्प बसत नाही.

वारसाहक्काचा कायदा १९२५ चा. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुली यांच्यात समसमान. १९८६ मध्ये मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच कायदा केरळच्या त्रावणकोर-कोचीन भागातल्या ख्रिस्ती मुलींनाही लागू असल्याचे सांगितले. नवी मुंबईतल्या मल्याळी घरांना तो निकाल ठाऊक हवा. ‘लग्नात दिले, आता वाटा कसला’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांतही ऐकू येते. कायद्यात त्याला आधार नाही. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: ख्रिस्ती व्यक्तीने लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्न झाले की रद्द होते. कमावत्या मुलीने आईच्या नावे काही लिहून ठेवले असेल तर लग्नानंतर ते नव्याने करावे लागेल. भविष्यनिर्वाह निधीचे नामांकनही लग्नानंतर नव्याने भरायचे असते. आडनाव बदलायचे की नाही, हे तिच्यावर आहे. बदललेच पाहिजे असा कायदा नाही. आणि हुंड्याचा १९६१ चा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. ‘तुमच्या मुलीला तुम्ही काय द्यायचे ते द्या’ अशा गोड शब्दांत मागितले तरी ते मागणेच.

गोव्याकडे वेगळी व्यवस्था आहे. तिथल्या पोर्तुगीज वारशाच्या नागरी कायद्यात वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता दोघांची सामाईक होते, त्यामुळे लग्नाआधी मालमत्तेचे बोलणे करायला तिथे कारण असते. आपल्याकडे मेन्यूवर चार बैठका होतात, गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार यावर एकही नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबजीवनावरच्या आपल्या पत्रात, ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये, हाच धोका दाखवला होता. कपडे, निमंत्रणे आणि मेजवानी यांत जोडप्याचे पैसे आणि शक्ती इतकी खर्च होते, की लग्नाच्या दिवशी ती दमूनभागून वेदीपाशी पोहोचतात, असे त्यांनी लिहिले आणि साधेपणाने लग्न करण्याचे धैर्य दाखवा असे तरुणांना सांगितले. २०२२ मध्ये व्हॅटिकनने विवाहाच्या तयारीसाठी नवी मार्गदर्शिका काढली. तिचा आग्रह असा, की दोन-चार भेटींत उरकणारी तयारी पुरत नाही. मुंबई महाधर्मप्रांतात विवाहपूर्व शिबिरे अनेक वर्षे होत आहेत आणि त्यांत डॉक्टर, समुपदेशक, अनुभवी जोडपी बोलतात. काम चांगले आहे. अडचण वेळेची आहे. मुलगी शिबिराला बसते तेव्हा हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापलेल्या असतात, आत्याचे विमानाचे तिकीट काढलेले असते. त्या क्षणी तिच्या मनात शंका आली तरी ती बोलणार कशी? ‘आता लोक काय म्हणतील’ या भीतीपुढे धर्मनियमांची स्वखुशीची अट हरते.

म्हणून काही मागण्या आहेत, आणि त्या आज इथे बसलेल्यांकडूनच आहेत.

धर्मगुरूंनी आणि पाळकांनी हॉलची तारीख ठरण्याआधी जोडप्याला बोलवावे. शिबिराचा दाखला लग्नाच्या निदान सहा महिने आधी मागावा. शिबिरे मराठीतूनही व्हावीत, कारण घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला पैशाबद्दल, शरीराबद्दल, भीतीबद्दल बोलायचे तर ते तिच्याच भाषेत सुचते. त्यात एक पूर्ण सत्र वकील स्त्रीचे असावे. एक सत्र असे असावे, की दोघांनी आपापल्या पगाराच्या आणि कर्जाच्या कागदांसह यावे आणि एकमेकांना ते दाखवावेत.

आईवडिलांनी साखरपुडा झाल्यावरही मुलीला एकदा एकटीला विचारावे: तुला हे नक्की हवे आहे का? उत्तर ‘नाही’ आले तर हॉलचे पैसे बुडतील, नातेवाईक बोलतील. ते सोसायची तयारी ठेवूनच विचारावे.

आणि ज्या मुलींची लग्ने या वर्षी ठरली आहेत त्यांनी आपली दुसरी यादी आजच लिहून काढावी. पगार, आईवडिलांची जबाबदारी, चर्च, मुले, राग, कर्ज. ती होणाऱ्या नवऱ्यासमोर ठेवावी आणि त्याचीही मागून घ्यावी. महाराष्ट्रात पुष्कळ ख्रिस्ती लग्ने नाताळानंतर उपवासकाळ सुरू होईपर्यंत आणि मग ईस्टरनंतर मे महिन्यात होतात. नाताळानंतरच्या लग्नांची नोंदणी चर्चच्या कार्यालयांत पावसाळ्यातच सुरू होते. यंदा नाव नोंदवायला जाताना ती यादी बरोबर न्यावी, आणि धर्मगुरू एकटीला बोलवतील तेव्हा ती पर्समधून बाहेर काढावी.